मामांची हेरल्ड

यंदाच्या दसऱ्याला मामांच्या ट्रायम्फ हेरल्डला मी शेवटचा झेंडूचा हार घातला. उघड्या टपाची ही गाडी मामांनी विलायतेहून परतताना आणलेली. सहा वर्षे खपून मी ती निम्मी सावरली. मग गुडघ्यांनी आणि पैशाने एकदमच हात टेकले.

हिचा जन्मच अडचणीतला. मोटारींच्या बॉड्या बनवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्धी बी.एम.सी.ने घेतला, आणि स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडी करून देणारे कोणी उरले नाही. तेव्हा त्यांनी जुन्या वळणाची वेगळी चासी घेतली व तिच्यावर बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने कसली. रूप दिले इटलीच्या मिकेलोत्तीने. 1959 साली हेरल्ड रस्त्यावर आली. छप्पर सुटे होत असल्याने उघड्या टपाची गाडी काढणे सोपे गेले. तीही 1960 साली आली. पुढच्याच वर्षी मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनू लागली.

गिऱ्हाईक तरुण होते. नव्या रंगावर हात फिरवून खूष झाले. गप्प राहिलो असतो तर सौदा तिथेच पटला असता. पण मी त्याला खाली वाकायला लावले. चासीचे बाजूचे हात गंजले होते.

"काका, हे तर दिसलंच नसतं!"

"म्हणूनच दाखवलं."

किंमत उतरली. चिठ्ठ्या लावलेले सुट्या भागांचे बारा डबे मात्र मी वरकड दिले. ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली गाडी. उरलेले तुकडे आता त्याने जोडावेत.