एका पंक्तींतील सायंकाळ

भाषावार प्रांतरचनेचा इतिहास वाचतांना आपण नकाशावरील रेघांकडे पाहतों. त्या रेघा ओलांडून घरोघर गेलेल्या आवाजांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील पन्नास गांवें गुजरातेस मिळालीं आणि उरलेला मुलूख तलासरी या नांवानें महाराष्ट्रांत राहिला. कागदावर सीमा ठरली. परंतु डहाणूच्या बाजारांत मराठी व गुजराती पूर्वींप्रमाणेंच शेजारीं नांदत राहिल्या.

पुढें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुधा सरळ रेषेंत जातात. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच खरा. पण डहाणू तेथून शंभर किलोमीटरांहून दूर. एवढ्या अंतरावर चित्र क्षीण होऊनच पोंचावयाचें. अँटेना उंच बांधावा तेव्हां कोठें तें पडद्यावर उमटावें.

या केंद्राची सायंकाळ म्हणजे नाना पाहुण्यांची एकच पंगत होती. शेतकऱ्यांसाठीं ‘आमची माती, आमची माणसं’, श्रमिकांसाठीं ‘कामगार विश्व’, मुलांसाठीं ‘किलबिल’, साहित्यप्रेमींसाठीं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, करमणुकीस ‘गजरा’, हिंदी गीतांचें ‘छायागीत’ आणि गुजराती कुटुंबांसाठीं ‘आवो मारी साथे’. आठवड्याच्या निरनिराळ्या दिवशीं हीं पानें मांडलीं जात. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपानें येथेंच अवतरला. वाहिनी एकच असल्यामुळें गाण्यांची वाट पाहणाऱ्यास पिकांवरील रोगांचीही माहिती ऐकावी लागे आणि गुजराती घरांत मराठी प्रहसन चाले. ही एक प्रकारची सक्तीच होती. तथापि शेजाऱ्याची भाषा कानांवर पडण्याचा लाभ झाला तो या सक्तीमुळेंच, असें आम्हांस वाटतें.

परंतु या पंगतींत एक पान राहून गेलें. डहाणू-तलासरींत वस्ती मुख्यतः आदिवासींची, आणि त्यांत वारल्यांची मोठी. १९४५ सालीं तलासरीजवळच्या झरी गांवीं याच वारल्यांनीं एकत्र येऊन वेठबिगारीस नकार दिला. त्या लढ्यावरील गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तें १९७२ सालचें, म्हणजे केंद्र सुरू झालें त्याच वर्षाचें. डहाणूनजीकच्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री लाभली. वारल्यांचा लढा ग्रंथांत आला, त्यांची चित्रें जगभर गेलीं. पण केंद्राच्या ज्या कार्यक्रमांचा लौकिक झाला, त्यांत वारली बोलीचा एकही नाहीं.

आज वाहिन्या उदंड झाल्या आहेत आणि जो तो आपल्या आवडीचें पाहतो. ती जुनी पंगत मोडली, याची हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. मात्र सार्वजनिक वाहिनीची थोरवी कार्यक्रमांच्या संख्येवर मोजूं नये; जिच्या लहरी ज्यांच्या डोक्यावरून गेल्या, त्यांची बोली तिच्यावर ऐकूं आली कीं नाहीं, हीच तिची खरी कसोटी होय.