कडबाकुट्टीपासून पंपापर्यंत

नव्या मालाच्या निर्मितीत व्यवस्थापन लवचिक हवे, असे आजकाल प्रत्येक उद्योग शिबिरात सांगतात. पण लवचिक म्हणजे काय? वारा येईल तशी पाठ फिरवायची, की पाय रोवून हात मोकळे ठेवायचे? मला याचे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारकिर्दीत सापडते.

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात येताच त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. पुढे बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालवले. त्यातून कडबाकुट्टी यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे गेली. इथे लक्ष्मणराव वाकले नाहीत. सायकली सोडल्या, पण नांगर सोडला नाही. कारण गिऱ्हाईक त्यांनी ओळखले होते. शेतकऱ्याची गरज खरी होती, अडचण फक्त विश्वासाची होती.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोडजवळ माळरान दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओतशाळा तीच, लेथ तीच, कारागीर तेच. त्यांतून निघणारा माल मात्र काळाप्रमाणे बदलत गेला. १९२६ मध्ये पंप आला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. मालाची जाहिरात करण्यासाठी १९२० मध्ये काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चेही पुढे मराठीतले एक नामवंत मासिक झाले.

त्या पंपांचे आणि इंजिनांचे महत्त्व आम्हा देवळ्याकडच्या माणसांना वेगळे सांगायला नको. आमच्या आजोबांच्या मळ्यात मोट होती. दोन बैल, एक माणूस आणि दिवसभराची धाव. तरी भिजायचे ते थोडेच रान. इंजिन आले आणि त्याच विहिरीवर उन्हाळ कांदा उभा राहू लागला. गिरणाकाठी इंजिनाचा तो ठेका माझ्या लहानपणी रात्री उशिरापर्यंत ऐकू यायचा.

हा इतिहास मला आज आठवतो, त्याला कारण आहे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यात डाळिंबाने अनेकांचे संसार उभे केले. मग तेल्या रोग आला आणि कित्येकांना बागा उपटाव्या लागल्या. कांद्याचा भाव कोसळला, की उमराण्याच्या बाजारात उभ्या ट्रॅक्टरांकडे पाहवत नाही. ज्याने सगळे एकाच पिकावर लावले, त्याच्याकडे वळायला जागा उरत नाही. पण भाव पाहून दरसाल पीक बदलणाराही शहाणा ठरत नाही. तो पोहोचेपर्यंत बाजार भरलेला असतो.

लक्ष्मणरावांनी पुढच्या वस्तूसाठी आधीची वस्तू लगेच मोडीत काढली नाही. नांगर चालत असतानाच त्यांच्या कारखान्याने पंप घडवला. कसमादेतल्या तरुणाने कांदा चाळीत ठेवून एखाद्या कोपऱ्यात नवे काही लावून पाहावे, गटाने छोटे प्रक्रिया यंत्र बसवावे. फसले तर कोपराच जाईल, मळा राहील.