बेल्जियम : भाषासीमा आणि सत्तेचे तीन स्तर

१

राज्यसत्तेच्या विभागणीचा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून बहुधा विषयांच्या याद्यांच्या रूपाने मांडला जातो. संरक्षण व चलन केंद्राकडे, शिक्षण व शेती घटकांकडे, अशी वाटणी एकदा लेखनिविष्ट झाली म्हणजे संघराज्याचे स्वरूप निश्चित झाले, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात ज्या संस्था उदयास आल्या त्यांनी ह्या समजाच्या मर्यादा उघड केल्या. ह्या संस्थांना संघराज्य म्हणता येत नाही आणि निव्वळ आंतरराष्ट्रीय संघटनाही म्हणता येत नाही. त्यांचे निर्णय सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतात. इतकेच नव्हे, तर पुष्कळ बाबतींत ते नागरिकांना थेट लागू होतात. राष्ट्राच्या वर उभ्या राहिलेल्या ह्या सत्तेस ‘अधिराष्ट्रीय सत्ता’ असे म्हणता येईल.

ह्या सत्तेच्या संदर्भात बेल्जियमचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. १९५१ चा कोळसा-पोलाद तह आणि १९५७ चा रोमचा तह ह्यांनी बेल्जियम अधिराष्ट्रीय सत्तेचा संस्थापक सदस्य झाला. आणि १९७० पासून त्याच देशाने आपली एकात्म सत्ता टप्प्याटप्प्याने खाली वाटून दिली. सत्ता वर जाण्याची व खाली जाण्याची क्रिया तेथे एकाच कालखंडात घडली. ह्या दोन क्रियांचा परस्परसंबंध काय, आणि त्यांतून उद्भवलेला ‘बेल्जियमच्या वतीने बोलावयाचे कोणी?’ हा प्रश्न कसा सोडविला गेला, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

बेल्जियममधील सत्ताविभागणीचे मूळ भाषेच्या प्रश्नात आहे. १८३० मध्ये नेदरलँड्सच्या राज्यापासून फुटून स्वतंत्र झालेल्या ह्या देशाने १८३१ च्या राज्यघटनेत भाषास्वातंत्र्य मान्य केले होते. प्रत्यक्षात मात्र राज्यकारभार, न्यायदान, सैन्य व उच्च शिक्षण ह्या सर्व क्षेत्रांत फ्रेंचचेच प्रभुत्व राहिले. उत्तरेकडील फ्लँडर्समध्ये डच भाषेच्या बोली बोलणारा समाज संख्येने मोठा होता. परंतु वरिष्ठ वर्गाची भाषा तेथेही फ्रेंचच होती. भाषेचा भेद हा अशा रीतीने भूप्रदेशाप्रमाणेच सामाजिक दर्जाचाही भेद होता, ही गोष्ट लक्षात घेतल्याखेरीज फ्लेमिश चळवळीची तीव्रता समजणे कठीण आहे.

१८७३ पासून एकेका क्षेत्रात डचला प्रवेश मिळत गेला. १८९८ च्या कायद्याने कायद्यांच्या डच पाठास फ्रेंच पाठाच्या बरोबरीचे स्थान दिले. गेंटचे विद्यापीठ १९३० मध्ये डच माध्यमाचे झाले. तरीही खुद्द राज्यघटनेचा डच पाठ अधिकृत होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. ह्या संदर्भात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. १९५१ च्या कोळसा-पोलाद तहाचा केवळ फ्रेंच पाठच प्रमाण मानलेला होता. परंतु १९५७ च्या रोमच्या तहाचे जर्मन, फ्रेंच, इटालियन व डच असे चारही पाठ समान प्रमाण ठरले, आणि युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने १९५८ मध्ये काढलेल्या पहिल्याच नियमाने ह्या चार भाषांस कामकाजात समान दर्जा दिला. म्हणजे फ्लेमिश नागरिकास अधिराष्ट्रीय सत्तेच्या मूळ तहाचा प्रमाण पाठ स्वतःच्या भाषेत मिळाला, त्यानंतर दहा वर्षांनी त्याच्या स्वतःच्या राज्यघटनेचा मिळाला.

देशांतर्गत व्यवस्थेला निर्णायक वळण मिळाले ते १९३२ च्या कायद्यांनी. संपूर्ण देश द्विभाषिक करावा हा पर्याय वालोन लोकांस मान्य नव्हता. फ्लँडर्समध्ये फ्रेंचचे वर्चस्व टिकावे हे फ्लेमिश लोकांस मान्य नव्हते. त्यातून ‘प्रदेशाची भाषा तीच कारभाराची भाषा’ हे तत्त्व पुढे आले. द्विभाषिकता मुख्यतः ब्रुसेल्सपुरती उरली. सीमेवरील गावांची भाषा मात्र जनगणनेच्या आकड्यांवरून ठरावयाची होती. अशा स्थितीत भाषिक जनगणना ही शास्त्रीय गणना न राहता एक प्रकारचे मतदान होऊन बसते. घरी कोणती भाषा बोलली जाते ह्यापेक्षा आपले गाव कोणत्या बाजूस असावे, ह्याचेच उत्तर लोक देऊ लागतात. १९४७ च्या गणनेचे भाषिक निष्कर्ष वादामुळे १९५४ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाहीत. पुढे फ्लेमिश नगरप्रमुखांनी भाषेचे प्रश्न असलेल्या पत्रकांवर बहिष्कार घातला आणि १९६१ मध्ये जनगणनेतून भाषेचा प्रश्नच वगळण्यात आला.

सरकती सीमा अशा रीतीने अशक्य झाल्यावर ८ नोव्हेंबर १९६२ च्या कायद्याने भाषासीमा कायमची आखण्यात आली. मूस्क्राँ व कॉमीन हा भाग पश्चिम फ्लँडर्समधून एनो प्रांतात गेला; व्हूरेनची सहा गावे लिएज प्रांतातून लिंबुर्ग प्रांतात गेली. नकाशावर ठिपक्याएवढ्या असलेल्या ह्या सहा गावांच्या नगरप्रमुखास डच येते की नाही, ह्या वादावरून १९८७ मध्ये देशाचे मंत्रिमंडळ कोसळले. त्यापूर्वी १९६८ मध्ये लूव्हेन विद्यापीठातील फ्रेंच विभागाने फ्लेमिश भूमी सोडावी ह्या मागणीवरून असेच एक मंत्रिमंडळ गडगडले होते. विद्यापीठ दुभंगले, फ्रेंच विभागासाठी वालोन प्रदेशात नवे नगर वसविण्यात आले, आणि ग्रंथालयातील बऱ्याच ग्रंथांची सम व विषम क्रमांकांनुसार वाटणी झाली.

३

ह्या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये पंतप्रधान गॅस्टन आयस्केन्स ह्यांनी एकात्म राज्याची रचना कालबाह्य झाल्याचे संसदेत जाहीर केले. त्या वर्षीची घटनादुरुस्ती ही पुढील चाळीस वर्षांत झालेल्या सहा मोठ्या सुधारणांपैकी पहिली होय. नव्या रचनेचे वैशिष्ट्य असे की, घटक एका प्रकारचे नसून दोन प्रकारचे आहेत. फ्लेमिश समाजास प्रामुख्याने भाषा व संस्कृती ह्यांचे स्वातंत्र्य हवे होते. कोळसा व पोलाद ह्या जुन्या उद्योगांच्या ऱ्हासाने ग्रासलेल्या वालोनियास आर्थिक धोरणाची सूत्रे हवी होती. म्हणून फ्लेमिश, फ्रेंच व जर्मन असे तीन भाषासमाज आणि फ्लँडर्स, वालोनिया व ब्रुसेल्स असे तीन प्रदेश निर्माण करण्यात आले. शिक्षण व संस्कृती समाजांकडे, तर अर्थव्यवहार, पर्यावरण व नगररचना प्रदेशांकडे आली. ब्रुसेल्सचा प्रदेश प्रत्यक्ष अस्तित्वात यावयास १९८९ साल लागले. १९९३ मध्ये राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात बेल्जियम हे समाज व प्रदेश ह्यांचे मिळून बनलेले संघराज्य असल्याचे नमूद झाले.

केंद्रातही बहुमताच्या सत्तेस मर्यादा घालण्यात आल्या. पंतप्रधान वगळता मंत्रिमंडळात दोन्ही भाषांचे मंत्री समसमान असावे लागतात. भाषाविषयक व रचनाविषयक विशेष कायद्यांस एकूण दोनतृतीयांश मतांबरोबरच प्रत्येक भाषागटाचे स्वतंत्र बहुमतही लागते. ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, केंद्राचा कायदा व घटकांचा कायदा ह्यांत उच्चनीचभाव नाही. जर्मनीत केंद्राचा कायदा घटकाच्या कायद्यावर मात करतो. बेल्जियममध्ये दोघे समान पातळीवर असतात आणि प्रस्तुत विषय कोणाच्या अधिकारात आहे एवढेच न्यायालय पाहते. अडवणुकीच्या प्रसंगी केंद्राने घटकांस बाजूस सारावे असा मार्ग त्यामुळे सामान्यतः उरत नाही. सत्तेच्या तिसऱ्या स्तराशी आलेल्या संबंधांत ह्याच तत्त्वाचे परिणाम अत्यंत ठळकपणे दिसून आले.

४

युरोपीय समुदायाच्या दृष्टीने सदस्य होते ते बेल्जियम. वालोनिया किंवा फ्लँडर्स नव्हे. प्रदेशांनी कचऱ्याच्या विल्हेवाटीसंबंधीच्या युरोपीय आज्ञांची अंमलबजावणी केली नाही, तेव्हा युरोपीय न्यायालयाने जानेवारी १९८८ मध्ये दोष दिला तो बेल्जियमला. अंतर्गत सत्ताविभागणी ही बाहेरील कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाचे धोरण होते. परिणामी एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. ज्याच्यावर जबाबदारी त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार त्यास युरोपात आवाज नव्हता.

ही विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग संभवत होते. पहिला मार्ग भारताच्या राज्यघटनेत आढळतो. आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्ततेसाठी राज्यसूचीतील विषयांवरही कायदा करण्याचा अधिकार २५३ व्या कलमाने संसदेस दिला आहे. म्हणजे जबाबदारीच्या मागोमाग अधिकारही केंद्राकडे जातो. बेल्जियमने मुख्यतः ह्याच्या उलट मार्ग पत्करला. १९९३ च्या दुरुस्तीनंतर १६७ व्या कलमाने ज्या विषयात घटकास अंतर्गत अधिकार आहे त्या विषयात परराष्ट्राशी करार करण्याचा अधिकारही त्यासच दिला. कर्तव्यच्युत घटकाच्या जागी केंद्राने तात्पुरते कार्य करावे अशी तरतूद १६९ व्या कलमात आहे. पण ती अपवादादाखल आहे.

वरच्या सत्तेनेही ह्या व्यवस्थेस वाट करून दिली. मंत्रिपरिषदेत राष्ट्राचा प्रतिनिधी मंत्रिपदाचा व सरकारला बांधून घेण्याचा अधिकार असलेला असावा, एवढीच अट १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहाने घातली. तो केंद्राचाच मंत्री असावा असा आग्रह उरला नाही. त्यानंतर मार्च १९९४ मध्ये बेल्जियममधील सर्व सरकारांत करार होऊन कोणत्या विषयावर कोणी बसावयाचे हे ठरले. शिक्षण व संस्कृती ह्यांसारख्या विषयांवर घटकांचे मंत्री आळीपाळीने बसतात. मासेमारीच्या विषयावर फ्लेमिश मंत्री संपूर्ण देशाच्या वतीने बोलतो, कारण समुद्रकिनारा एकट्या फ्लँडर्सलाच आहे. परंतु बसणारा कोणीही असो, तो स्वतःच्या प्रदेशाचे मत मांडत नाही. आधी सर्वांनी एकमताने ठरविलेली बेल्जियमची भूमिकाच तो मांडतो. एकमत न झाल्यास बेल्जियमला मतदानापासून अलिप्त राहावे लागते. अनेक सरकारे असूनही एकच आवाज आणि मतभेद असल्यास मौन, असे ह्या व्यवस्थेचे सार आहे.

५

हे मौन किती प्रभावी ठरू शकते ह्याची प्रचीती २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आली. युरोपीय संघ व कॅनडा ह्यांच्यातील व्यापारी करारावर सदस्य राष्ट्रांच्याही स्वाक्षऱ्या आवश्यक होत्या. बेल्जियमच्या केंद्र सरकारची तयारी होती. परंतु करारातील काही विषय प्रदेशांच्या अधिकारात येत असल्याने त्यांच्या संमतीवाचून त्याला स्वाक्षरी करता येईना. सुमारे छत्तीस लाख लोकसंख्येच्या वालोनियाच्या पंचाहत्तर सदस्यांच्या विधिमंडळाने ती संमती नाकारली, आणि पन्नास कोटी लोकवस्तीच्या संघाचा करार खोळंबला. वालोनियाचे मुख्यमंत्री पॉल मान्येत हे पूर्वाश्रमीचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक व युरोपीय संस्थांचे अभ्यासक होते. शेतीचे संरक्षण आणि गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी योजिलेली स्वतंत्र न्यायव्यवस्था हे त्यांच्या आक्षेपांचे मुख्य मुद्दे होते. अखेर तडजोड होऊन २८ ऑक्टोबरला विधिमंडळाने मान्यता दिली व ३० ऑक्टोबरला करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. ठरल्याप्रमाणे बेल्जियमने पुढील वर्षी त्या न्यायव्यवस्थेविषयी युरोपीय न्यायालयाचे मत मागविले. ती व्यवस्था युरोपीय कायद्याशी सुसंगत असल्याचे मत न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी दिले.

ह्या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला. एका मूठभर प्रदेशाने सर्व खंडास वेठीस धरले, असे काहींचे म्हणणे. इतरत्र केवळ औपचारिक ठरणारी संसदीय तपासणी येथे खऱ्या अर्थाने झाली, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे तो नंतरचा घटनाक्रम. सिंगापूरच्या कराराविषयी मे २०१७ मध्ये दिलेल्या मतात न्यायालयाने संघाचा अनन्य अधिकार कोठे संपतो हे स्पष्ट केले. त्याचा आधार घेऊन संघाने व्यापार व गुंतवणूक ह्यांचे वेगवेगळे करार करण्यास प्रारंभ केला. सिंगापूरशी झालेला व्यापारी करार राष्ट्रीय व प्रादेशिक विधिमंडळांच्या संमतीवाचून नोव्हेंबर २०१९ मध्ये अमलात आला. खालच्या स्तरास लाभलेला नकाराधिकार वरच्या स्तराने विषयाची फेरमांडणी करून आकुंचित केला, असे म्हणावयास हरकत नाही.

६

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सत्तेच्या तीन स्तरांतील संबंध विषयांच्या याद्यांनी पूर्णपणे निश्चित होत नाहीत. याद्या तर लागतातच. पण एखादा विषय कोणत्या यादीत बसवावयाचा हे ठरविण्याची संधी कोणास आहे, आणि सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणत्या अटींवर मिळतो, ह्यांवर प्रत्यक्ष सत्ता अवलंबून असते. बेल्जियममध्ये १८३० नंतरचा दीर्घ संघर्ष स्वतःच्या भाषेत बोलण्याच्या हक्कासाठी झाला. भाषासीमेने तो हक्क प्रदेशाशी बांधला, संघराज्याने त्यास विधिमंडळ दिले, आणि अधिराष्ट्रीय सत्तेच्या उदयानंतर त्याचेच रूपांतर सर्व देशाच्या वतीने बोलण्याच्या हक्कात झाले. ह्या व्यवस्थेची किंमत लहान नाही. २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर पूर्णाधिकारी मंत्रिमंडळ बनावयास ५४१ दिवस लागले. तथापि इतक्या तीव्र भाषावादात देश अभंग राहिला, हेही त्याच व्यवस्थेच्या जमेस धरले पाहिजे. परस्परांची संमती मिळविण्यात जो काळ जातो तो वाया गेलेला मानावा की सहजीवनाचे मूल्य मानावे, ह्या प्रश्नाच्या उत्तरावरच बेल्जियमच्या प्रयोगाचे अंतिम मूल्यमापन अवलंबून आहे.