सीबीटीची तंत्रे घरच्या घरी कशी वापराल?

चाळिशीतला यंत्रमाग कामगार छातीत धडधडते म्हणून येतो. ईसीजी आणि रक्ततपासण्या नॉर्मल निघतात. तरीही ‘मला अटॅक येणार’ या भीतीने त्याने जिना चढणे, एकट्याने बाहेर पडणे बंद केलेले असते. सोलापुरात ओपीडीत असे रुग्ण नेहमी दिसतात. त्यांना सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, उपयोगी पडते. त्रास सौम्य असेल तर तिची काही तंत्रे स्वतःही वापरता येतात.

ही पद्धत काय आहे?

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात या विचाराचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. गाभा साधा आहे: भावना केवळ प्रसंगामुळे येत नाही, त्या प्रसंगाचा आपण लावलेला अर्थही तिला कारणीभूत असतो.

घरी काय कराल?

१. वहीत लिहा. प्रसंग, मनात आलेला विचार, भीती (० ते १००), विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा. मनातल्या मनात वाद घालू नका. त्याने विचार फक्त घोळत राहतो.

२. पटेल असा विचार शोधा. ‘मला काहीच होणार नाही’ हे मनाला पटत नाही. ‘तपासण्या नॉर्मल आहेत, धडधड भीतीनेही होते आणि थोड्या वेळाने उतरते’ हे पटते.

३. टाळलेली गोष्ट पायरीपायरीने करा. आधी एक जिना, मग गल्लीत चक्कर, मग सिद्धेश्वर तलावाकाठी एकट्याने फेरी. सारखी नाडी पाहू नका. भीती वाढली तरी लगेच परत फिरू नका. एक पायरी सोपी वाटू लागली की पुढची घ्या.

४. उदास वाटत असेल तर मूडची वाट न पाहता रोज एक छोटे काम वेळ ठरवून करा.

रोज १५ मिनिटे, किमान सहा आठवडे द्या.

स्वतः करणे कुठे थांबवावे?

आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. थायरॉइड किंवा रक्तक्षयामुळेही धडधड होते. छातीत दाब, घाम, दम लागणे किंवा डाव्या हातात कळ आली, तर वही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप व काम बिघडणे, भास किंवा दारू वाढणे, यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर घरच्यांना आत्ताच सांगा, एकटे राहू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून २४ तास सुरू असते.

सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर ते तुमचे अपयश नाही. तीच वही घेऊन तज्ज्ञांकडे जा. त्यांचे अर्धे काम तुम्ही आधीच केलेले असेल.