आधी खर्रा की आधी दारू? व्यसनाच्या क्रमाचे गणित
फुलसावंगीसारख्या (ता. महागाव, जि. यवतमाळ) गावात व्यसनांचे सर्वेक्षण करताना 'किती जण?' एवढेच विचारून भागत नाही. आधी काय, नंतर काय, कोणत्या वयात, हेही नोंदवावे लागते.

डेनिस कँडेल यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील विद्यार्थ्यांत असा क्रम मांडला: बिअर-वाइन, मग सिगारेट किंवा कडक दारू, पुढे गांजा, शेवटी इतर अमली पदार्थ. तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते.

मार्कोव्ह प्रतिमान एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याची शक्यता वय, लिंग, शिक्षणानुसार काढते. मात्र क्रम म्हणजे कारण नव्हे. खर्रा खाणारा प्रत्येक जण दारूकडे वळत नाही. म्हणून थांबलेल्यांचीही नोंद ठेवा; नाहीतर आकडे अख्ख्या वस्तीवर शिक्का मारतात.