टाकीने कोरले ते टाके

सह्याद्रीच्या कातळात पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखण्यासाठी जी चौकोनी कुंडे कोरली गेली त्यांना मराठीत टाके म्हणतात, आणि ज्या अवजाराने पाथरवट दगड घडवतो त्याला टाकी म्हणतात. परंतु एक शब्द पाण्याच्या खात्यात आणि दुसरा लोखंडाच्या खात्यात जमा झाल्यामुळे या दोहोंचे सख्खे नाते सहसा ध्यानात येत नाही. संस्कृत 'टंक' म्हणजे पाषाण फोडणारे हत्यार, असा अर्थ अमरकोशात दिला आहे, आणि त्यावरून टाकी, जात्याच्या झिजलेल्या तळीला टाकी लावणारा टाकारी आणि टाकीच्या घावांनी पोकळ झालेले टाके अशी वंशावळ लावता येते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की टाक्याच्या भिंतीवर तिरक्या, समांतर खुणांच्या ओळी उघड्या पडतात; नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या तळीवरही घाव असेच ओळीने उमटलेले असतात.

या व्युत्पत्तीवरचा पहिला आक्षेप कान्हेरीचा आहे. तेथे लेण्याच्या माथ्यावरचे पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी दाराशेजारच्या टाक्यात उतरवलेले आहे, म्हणजे भिक्षूंच्या घरगुती वापराची सोय दारातच केलेली आहे. मात्र तेथील प्राकृत दानलेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, टाके नव्हे. यावर एवढेच म्हणता येते की पोढी हा दान देणाऱ्याचा आणि लेख लिहिणाऱ्याचा शब्द असावा, तर टाके हा खोदणाऱ्याचा. आणि खोदणाऱ्याची भाषा शिलालेखात क्वचितच उतरते. टाके हे 'तडाग' या शब्दाचेच रूप असावे, हा दुसरा पक्ष त्याहून दुबळा आहे, कारण तडागाला तळे हा वारस मराठीत आधीच मिळालेला आहे. शिवाय जुन्या मराठी वापरात साधारणपणे कोरलेले ते टाके, बांधलेला तो हौद (हा शब्द अरबी) आणि पाणी साठलेले ते तळे, असा भेद दिसतो. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांना किंवा सिंहगडाच्या देवटाक्याला कोणी हौद म्हणत नाही.

खरा वाद पोर्तुगीजांशी आहे. इंग्रजी 'टँक' हा शब्द पोर्तुगीज 'तांके' वरून आला, आणि तांके हा वाहते पाणी अडवणे या अर्थाच्या 'एस्तांकार' या क्रियापदाशी जोडला जातो; म्हणजे भारताचा त्याच्याशी संबंध उरत नाही. 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात युल आणि बर्नेल यांनी या शब्दाला एक भारतीय आणि एक युरोपीय असे दुहेरी मूळ दिसते, असे म्हणून तडजोड केली. पोर्तुगीज पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा 1498 चा आहे: वास्को द गामाच्या लोकांनी कालिकतजवळचे देऊळ चर्च समजून पाहिले, तेव्हा तेथील दगडी पुष्करिणीला प्रवासवृत्तात तांके म्हटले गेले, आणि मलबारात तर तळ्याला 'कुळम' म्हणतात. तरीही एक फट राहतेच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गामाला वाट दाखवणारा नावाडी गुजराती होता, असे बारोस हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो, आणि गुजरातीत 'टांकुं' म्हणजे घराच्या चौकाखालचे, छपरावरून नळीने उतरवलेले पावसाचे पाणी साठवण्याचे कुंड. अहमदाबादच्या पोळांमधील जुन्या घरांत ती आजही आहेत. त्या नावाड्याच्या तोंडचा टांकुं पोर्तुगीजांना स्वतःच्याच शब्दासारखा वाटला असावा आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत, हा तर्क धाडसी असला तरी टाकून देण्याजोगा नाही.

याच टांकुंमुळे मूळ सिद्धांताला मात्र बाध येतो, कारण ते विटा-चुन्याचे असते आणि थरच्या वाळवंटातला 'टांका' हा जमिनीत खणून आतून गिलावा केलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे टाकीच्या घावाला जागाच नाही. कातळातले नाव पुढे बांधकामाला चिकटले, असे मानल्याखेरीज ही अडचण सुटत नाही.

राहता राहिली गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी. ती इंग्रजी टँकवरून आली, असे सर्रास धरले जाते. वास्तविक टाके या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचनच टाकी असे होते, रायगडावरची 'बारा टाकी' हे त्याचे उदाहरण. अनेकवचनी 'ती टाकी' हेच पुढे स्त्रीलिंगी एकवचन समजले गेले असणे अगदी शक्य आहे. पाण्याच्या टाकीचे सोंग म्हणून पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ज्या यंत्राला टँक हे नाव दिले, त्याला मात्र मराठीने टाके म्हटले नाही, रणगाडा म्हटले.