भरमारचे कूळ

छत्तीसगडात, दुर्ग-भिलाईपासून दक्षिणेला बस्तरपर्यंत, ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. गडचिरोलीतल्या बातम्यांतही हेच नाव येते. तळकोकणात ती ठासणीचीच. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजून घराघरांत आहे, बापाकडून मुलाकडे जाते, कधी एका शेतकऱ्याकडून दुसरा विकत घेतो. घेणारा आधी दस्त्याचे लाकूड आणि पितळेची चकाकी न्याहाळतो. पण या बंदुकीचा जीव नळीत असतो, आणि नळी वाचायची तर तिचे कूळ माहीत हवे.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडावर चालून गेले, तेव्हा दुर्गचा किल्ला मराठ्यांच्या मोहिमेचा तळ झाला. त्या काळी हिंदुस्थानी फौजांत तोड्याची बंदूक सर्वत्र होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाजवळच्या पेल्यात रंजक घालायची आणि जळता तोडा तिला टेकवायचा. घडण साधी असल्यामुळे गावचा लोहारही ती दुरुस्त करी. पण पाऊस आला की तोडा विझे, आणि अंधारात त्याचा निखारा शत्रूला जागा दाखवी. दारूचा धाक तर सगळ्यांनाच होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर ठेवण्याची ताकीद आहे.

पुढे तोड्याच्या जागी गारगोटी आली. घोड्याच्या जबड्यातला दगड पोलादावर आपटून ठिणगी पडू लागली. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती कंपू उभे करवले, ते याच चकमकीच्या बंदुकांवर. तरी तोडा लगेच गेला नाही. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांकडून लढलेले अरब शिपाई तोड्याच्या बंदुकांवरच नेम धरत होते, आणि लढाई हरल्यावरही त्यांनी नागपूर शहर कित्येक आठवडे इंग्रजांना मिळू दिले नाही.

1807 मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून तांब्याची टोपी निघाली आणि 1840 च्या दशकात फौजांमध्ये चकमक मागे पडू लागली. आज बाजारात दिसणारी ठासणीची बंदूक बहुधा या टोपीच्या पिढीची असते. नळीच्या बुडाशी निपल, त्यावर टोपी, टोपीवर घोड्याचा ठोका. पावसाळी मुलखाला हा मोठाच दिलासा होता.

यानंतर राजकारण थेट नळीत शिरले. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने नागपूर खालसा केले आणि त्यासोबत छत्तीसगडही गेले. त्याच सालच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल कंपनीच्या फौजेत येऊ लागली. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सहज आत उतरे आणि बार होताच फुगून खाचांना घट्ट बसे. ती फिरत सुटत असल्यामुळे गुळगुळीत नळीपेक्षा कितीतरी लांब आणि नेमका मारा होई. याच रायफलीच्या चरबीच्या काडतुसांवरून 1857 चा भडका उडाला. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना त्याच सालच्या डिसेंबरात रायपुरात फाशी झाली.

उठाव दडपल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातातली रायफलच बोथट केली. 1858 मध्ये एनफिल्डच्या नळ्या आतून कोरून खाचा काढून टाकल्या आणि लांबचा नेम धरण्याची सरकती माशीही काढली. कोरल्याने नळीची भिंत पातळ झाली, ती फुगू लागली, म्हणून 1859 मध्ये जाड भिंतीचा नवा नमुना करावा लागला. गोऱ्या पलटणींकडे मात्र खाचांची रायफल राहिली. मागून काडतूस भरायची बंदूक आल्यावरही हिंदी पलटणींना एक पिढी मागे ठेवण्याचे धोरण चालले. 1878 च्या शस्त्र कायद्याने हाच अविश्वास परवान्याच्या रूपाने सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेला.

स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीला नावाने जागा मिळाली. कलम 13 सांगते, की पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी नागरिकाने ती मागितली तर परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. एक बार उडवल्यावर दुसरा भरायला वेळ लागतो, हा तिचा दोषच तिला गावात टिकवून गेला. भरमार खेड्यात राहिली ती खेडे मागासलेले म्हणून, हा समज मला अन्यायाचा वाटतो. शेतकऱ्याच्या बंदुकीने किती मंद असावे, हे दीडशे वर्षे सरकारांनी ठरवले आहे.

हे कूळ ध्यानात ठेवून जुनी बंदूक हाती घ्यावी. ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. दाराआड वर्षानुवर्षे ठेवलेल्या बंदुकीत जुना बार असू शकतो. गज नळीत अडेपर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तेवढाच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. तो निपलच्या बराच अलीकडे थांबला तर आत काही आहे. मग ती जाणत्या कारागिराकडेच द्यावी.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की कारागिराकडून नळीत उजेड टाकून पाहावे. काळ्या दारूची राख ओल धरते, म्हणून गंजाचे खड्डे बुडाशी सर्वांत खोल पडतात, आणि स्फोटाचा ताणही तिथेच सर्वाधिक असतो. खाचा दिसल्या तर परवान्यातल्या वर्णनाशी ताडून पाहाव्यात. गुळगुळीत नळी पातळ असेल, कुठे फुगवटा असेल, तर ती भिंतीवर टांगण्याच्याच लायकीची. अर्ध्या चापावर घोडा टिकतो का, निपलचे भोक जळून मोठे झाले आहे का, दस्त्याला मनगटाशी चीर आहे का, हे क्रमाने पाहावे. घोडा बसवलेल्या कुलपावरचा मुकुट आणि जुन्या सालाचा शिक्का नकलेवरही सहज उठवता येतो. नळीवरची चाचणीची खूण त्याहून अधिक बोलते. बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 पासूनचे आहे, लंडनचे त्याहून जुने.

शेवटी कागद. नळीवरचा क्रमांक परवान्याशी जुळला पाहिजे. घेणाऱ्याचा परवाना हवाच, आणि विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचे असते. रानडुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य बंदुकीला कलम 45 सूट देते, पण ती सूट आपल्या बंदुकीला लागू आहे का, हे अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे.

गंजलेली भरमार पोलिसांत जमा होते, तेव्हा तिची नळी, खुणा आणि क्रमांक नीट नोंदवले जावेत, आणि निवडक नमुने नागपूर-रायपूरच्या संग्रहालयांत पोहोचावेत. त्या नळ्यांवरून 1858 नंतर सत्तेने आपल्या प्रजेवर किती विश्वास ठेवला, हे मोजता येते.